बाकावरची हजेरी

समोरच्याच्या हाताला फडकं गुंडाळलेलं असो की पायाला, बाबूजी आधी दोन बोटं वर करायचे. जखमेकडे न बघता विचारायचे, "दोन दिस तं नाई झाले ना अजून?"

नवा माणूस गोंधळायचा. लागलंय हाताला आणि हे दिवस कसले मोजतायत! जुन्यांना मात्र ठाऊक असायचं. "नाई बाबूजी, कालचंच हाय," असं उत्तर आलं की बाबूजींचा चेहरा सैल व्हायचा. "मंग काई चिंता नाई," ते म्हणायचे. "चाल, बसाले चाल."

सिंदी रेल्वे नावाच्या गावात आमची जिनिंग मिल आहे. नाव सांगत नाही. मी तिथं काट्यावर असतो, म्हणजे कापसाच्या गाड्या वजनाला येतात आणि मी वजन लिहून घेतो. माझ्या खोलीला लागून टाइम ऑफिस, मध्ये नुसती पत्र्याची भिंत. त्या भिंतीपलीकडे बाबूजी बसायचे. कामगारांची हजेरी, सुट्या, नोंदवह्या, सरकारी कागद, सगळं त्यांच्याकडे. मिलमध्ये त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. मलाही ते पाचेक वर्षांनी एका लग्नपत्रिकेवर वाचून कळलं.

अक्षर मात्र काय सांगू! गावातल्या अर्ध्या लग्नपत्रिकांवरची नावं तेच लिहून द्यायचे. लोक पत्रिका ठेवून जायचे, हे जेवणाच्या सुटीत डबा बाजूला सारून लिहीत बसायचे. सदरा पांढरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि केसांवर, भुवयांवर, कानाच्या पाळीवर रुईचे बारीक तंतू. ते आमच्या सगळ्यांच्याच अंगावर असत. बाबूजींच्या भुवयांवर जास्त शोभायचे एवढंच.

तुमच्यापैकी कोणी कारखान्यात असाल, तर त्या दोन बोटांचा अर्थ एव्हाना कळला असेल. कायदा असं सांगतो की कामावर माणसाला लागलं आणि त्यामुळे तो अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्यानं ते वरच्या कार्यालयाला लेखी कळवायचं. कायदा करणाऱ्यांनी चांगल्याच हेतूनं केला असेल. पण बाबूजींनी त्यातलं नेमकं एक वाक्य उचललं होतं. माणूस कामावर आला, तर कळवायचं कारण उरत नाही. आणि कामावर येणं म्हणजे काम करणं असं कायद्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून टाइम ऑफिसच्या बाहेर एक बाक होता. कोणत्या तरी शाळेनं मोडीत काढलेला, पुढच्या फळीवर पोरांनी करकटकानं कोरलेली नावं असलेला. ज्याला लागलं त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन त्या बाकावर बसायचं, बाबूजी हजेरी मांडणार. बरं होईपर्यंत बसायचं. हवं तर जुन्या सुतळ्या सोडवायच्या, नाही तर झोपायचं. कामगार त्या बाकाला दवाखाना म्हणत.

एकदा एका हमालाच्या पायावर रुईची गाठ पडली. पाऊल सुजून मडक्याएवढं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी स्वतः स्कूटर घेऊन त्याच्या दारात हजर. त्याची बायको दार अडवून उभी राहिली.

"त्यायले उभं राहाता येऊन नाई राह्यलं, बाबूजी."

"उभं कोन राय म्हनते, माय? बसाचंच काम हाय."

आणि त्याला खरंच मागे बसवून, पाय पुढं धरायला लावून, गावभर सावकाश स्कूटर चालवत घेऊन आले. दुपारी स्वतःच्या डब्यातली भाजी त्याला दिली. संध्याकाळी तसंच परत सोडून आले. हमाल पंधरा दिवस बाकावर बसला. अपघाताच्या नोंदवहीत त्या महिन्यापुढं बाबूजींनी सुबक अक्षरात लिहिलं, निरंक.

हा शब्द त्यांचा आवडता. काहीच नाही, शून्य, असं लिहायचं असलं की सरकारी कागदावर निरंक लिहितात. दुसरा कोणी लिहिला असता तर तो नुसता एक शब्द दिसला असता. बाबूजी लिहायचे तेव्हा अनुस्वार अगदी दाणा ठेवल्यासारखा बसायचा.

एका वर्षी तपासणीला साहेब आले. बाकावर तीन जण होते. दोघं पटकन उठून रुईच्या ढिगाआड गेले. तिसऱ्याच्या पायाला प्लास्टर, तो कुठं जाणार! साहेबांनी विचारलं, हे कोण? बाबूजी शांतपणे म्हणाले, "पाव्हने आहेत, साहेब. मुकादमाच्या घरी लग्न आहे." साहेब हसून म्हणाले, "नवरदेव तर नाही ना?" सगळेच हसले, प्लास्टरवालाही हसला. मग साहेबांनी नोंदवही उघडली, चार पानं उलटली आणि म्हणाले, "अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं." बाबूजी लाजले. आम्ही तो किस्सा पुढं दोन-तीन हंगाम सांगत होतो. मीही सांगत होतो, मोठ्या रंगात.

आता वाटतं, त्या दिवशी हसायला नको होतं. पण तेव्हा हसलो हे खरं आहे.

तुम्ही म्हणाल, शेठचा माणूस. मलाही एकदा राग येऊन मी तसं तोंडावर बोललो होतो. बाबूजी रागावले नाहीत. त्यांनी मला त्यांच्या तरुणपणाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या एका मिलमध्ये एकाची बोटं गेली, कोणीतरी प्रामाणिकपणे वर कळवलं, आणि शेठनं ऐन हंगामात फाटकाला कुलूप घालून यंत्रं दुसरीकडे हलवली.

"एकाची बोटं लिहिली अन् साऱ्यायचे हात रिकामे झाले," ते म्हणाले. "मी कोनाची रोजी बुडू देत नाई. मिल चालू रायते. अजून काय पाह्यजे?"

दयाळू माणसाशी भांडताना आपली नेहमी अशी गोची होते.

मग एका बाईचं झालं. ती रेच्यावर होती. रेचा म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणारं यंत्र. अशी चाळीसभर यंत्रं एका लांब शेडमध्ये सुरू असतात, आणि आत इतकी धूळ असते की टोकाचा माणूस दिसत नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बाबूजींनीच तिला गाडीत घालून वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, कशात गेलं? ती काही बोलायच्या आत बाबूजी म्हणाले, "घरी कुट्टी मशिनीत. कडबा कापून राह्यली होती." तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि म्हणाली, "हो जी."

तिच्या घरी बैल नव्हता, गाय नव्हती. कुट्टीचं यंत्र तर सोडूनच द्या.

परत येताना सेलू मागे पडलं. तेव्हा बाबूजी स्वतःशीच म्हणाले, "तिचं काम तं रायलं ना." तिसऱ्या दिवसापासून ती बाकावर येऊन बसू लागली. बाबूजी रोज तिच्यासाठी घरून दूध आणायचे. आणि नोंदवहीत काय लिहिलं ते मी सांगायची गरज नाही.

बाबूजींना खोकला होता. तो इतका जुना होता की आम्हाला तो त्यांच्या बोलण्याचाच भाग वाटायचा. गंमत म्हणजे सुटीनंतरच्या दिवशी तो वाढायचा. बाजाराच्या दिवशी मिल बंद, दुसऱ्या दिवशी बाबूजी छातीवर हात दाबत, अर्ध्या वाटेत थांबत यायचे. आठवड्याच्या शेवटी जरा बरे असायचे. आम्ही चिडवायचो, "बाबूजीले सुट्टी सोसत नाई. घरी पोळ्या लाटाले लावते काय बाई?" तेही हसायचे, आणि हसता हसता खोकायचे. बिडी नाही, तंबाखू नाही. गावातल्या डॉक्टरनं वर्षानुवर्षं लाल औषधाच्या बाटल्या दिल्या.

शेवटी वर्ध्याला एका तरुण डॉक्टरबाईंनी त्यांना एवढाच प्रश्न विचारला, "कोणत्या वारी जास्त होतं?" बाबूजी चकित झाले. इतक्या वर्षांत कोणी वार विचारला नव्हता. त्यांनी सांगितलं. मग बाईंनी विचारलं, रेच्याच्या शेडमध्ये किती वर्षं होता? बाबूजी म्हणाले, चौदा. त्यानंतर टाइम ऑफिस, पण त्याची खिडकी शेडमध्येच उघडते.

"कापसाच्या धुळीचा आजार आहे हा, सुटीनंतर पुन्हा धूळ लागली की उसळतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कामाचा आजार. हा वर कळवावा लागतो. मी माझ्याकडून कळवते, तुमच्या मिलकडूनही गेलं पाहिजे."

परत आले तेव्हा त्यांना मी इतकं उल्हसित कधी पाहिलं नव्हतं. "नाव हाय म्हने त्याले," मला सांगत होते. "टीबी नाई. टीबी नाईच. कामाचा हाय."

त्या आनंदाचं कारण मला ठाऊक होतं. मुलगी रोहण्याला दिलेली. तिच्या सासरच्यांनी बापाचा खोकला ऐकला आणि टीबी म्हणून ठरवून टाकलं. दोन वर्षं झाली, चार वर्षांच्या नातीला त्यांनी आजोबांच्या घरी पाठवलं नव्हतं. मुलगी एकटी यायची, दारातच बसायची, लगेच निघायची. बाबूजींनी डॉक्टरबाईंचा कागद जावयाला दाखवला. जावई वाईट माणूस नाही, पण चिकित्सक आहे. तो म्हणाला, "मामाजी, तुम्ही तर ऑफिसात लिपिक. ऑफिसात बसणाऱ्याले कापसाचा आजार कसा होईन? अन् मिलमध्ये बाकी कोनाले तं झाला नाई."

मग बाबूजींच्या मनानं एकच घेतलं. मिलनं लिहून द्यायला हवं. मिलच्या कागदावर, मिलच्या शिक्क्यासकट, की हा आजार इथं लागला. म्हणजे जावई मानेल, आणि नात येईल. बाकी त्यांना काही नको होतं.

इथं मला एक मागची गोष्ट कबूल करायला हवी, कारण तिच्यात मीही आहे. मुलीचं लग्न ठरत होतं त्या वर्षी टाइम ऑफिसातल्या जुन्या हजेरीपटांना वाळवी लागली. ते नव्या वह्यांत उतरवून काढायचे ठरले. मी जुन्यातून वाचत होतो, बाबूजी लिहीत होते. त्यांचं स्वतःचं नाव आलं. मी वाचलं, "पद, रेचेवाला." त्यांची लेखणी जरा थांबली आणि त्यांनी लिहिलं, लिपिक. पुढच्या वर्षी लिपिक, त्याच्या पुढच्या वर्षी लिपिक. चौदा वर्षं.

मी म्हटलं, "बाबूजी, प्रमोशन! पेढे कुठं आहेत?"

ते ओशाळून हसले. "पोरीचे पाव्हने चौकशीले येतीन. बाप रेच्यावर होता, असं काऊन दिसावं?"

कोणाचं काय बिघडणार होतं? मलाही तसंच वाटलं. जुने पट आम्ही चहाच्या चुलीत घातले. पाहुणे खरंच आले, वही पाहिली, अक्षर पाहिलं आणि खूश होऊन गेले.

आता त्याच वहीपुढं बाबूजींना उभं राहायचं होतं. मी म्हटलं, साक्षीदार गोळा करू. रेच्यावरची जुनी माणसं अजून आहेत. पहिल्यांदा त्या बाईकडेच गेलो. बोटं गेल्यापासून ती मिलमध्ये झाडायला होती. अंगणात बसून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी सांगीन, बाबूजी," ती म्हणाली. "तुमी रेच्यावर होते, मी पाह्यलं हाय." मग उजवा हात मांडीवर ठेवून तिनं विचारलं, "पन मंग मायी बोटं कुठी गेली, हे कोनी इचारलं तं काय सांगू?"

तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होती. तिनं चहा केला, तो बाबूजींनी घेतला, आणि आम्ही आणखी कोणाकडे गेलो नाही.

मॅनेजर नवे होते, पिपरी मेघेहून रोज गाडीनं यायचे. बोलायला अतिशय सभ्य. बाबूजींना त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग अपघात आणि आजारांच्या नोंदवह्या मागवल्या आणि एकेक पान उलटत गेले. बाबूजींच्या अक्षरातलं निरंक, निरंक, निरंक. मी दारात उभा होतो. एवढी वर्षं, एवढ्या पानांत, एकदाही अक्षर वाकडं गेलेलं नव्हतं.

"बाबूजी, हे तुम्हीच लिहिलंय ना?" मॅनेजर हळूच म्हणाले. "इथं कधी कोणाला काही झालेलंच नाही. आणि तुम्ही तर सुरुवातीपासून ऑफिसात. मी काय लिहून देऊ, तुम्हीच सांगा."

बाबूजी "हो जी" म्हणाले आणि उठले. पाणी तसंच राहिलं.

ते आषाढात गेले. पुढचा हंगाम त्यांनी पाहिला नाही. रोहण्याची मंडळी आली होती. नातही आली होती, पण तिच्या तोंडाला घट्ट रुमाल बांधलेला होता आणि तिला फाटकाबाहेर गाडीतच बसवलं होतं. काचेतून ती लोकांकडे बघत होती. मला तिच्याजवळ जाऊन काही तरी सांगावंसं वाटलं. काय सांगणार होतो? मी गेलो नाही.

आणि का गेलो नाही तेही सांगतो. बाबूजी जाण्याआधी दोन महिने त्यांना अंथरुणावरून उठवत नव्हतं आणि टाइम ऑफिस माझ्याकडे आलं होतं. डॉक्टरबाईंनी शब्द पाळला होता. त्यांच्या कळवण्यावरून वरच्या कार्यालयाचं पत्र मिलला आलं. सदर कामगाराच्या आजाराबाबत खुलासा करावा. मॅनेजरनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, वहीत जे आहे तेच लिहा, संध्याकाळपर्यंत द्या.

मी पत्र घेऊन बाबूजींकडे गेलो. त्यांना सांगणार होतो की मी हे लिहिणार नाही. वाटेत वाक्यंही जुळवली होती. ते तक्क्याला टेकून बसले होते, खांदे वर ओढलेले, ओठ निळसर. त्यांनी पत्र वाचलं आणि उशाशी हात घालून चष्म्याचं घर काढलं.

"कागद घे," ते म्हणाले.

"बाबूजी, मी खरं लिहितो. मी साक्षीदार आहे. पट मीच वाचून दाखवले होते."

"खरं लिहाचं तं आधी म्या खोटं लिहिलं, हे लिहा लागते. मंग पोरीच्या घरी काय होईन?" ते थांबले, श्वास गोळा केला. "तू नाई लिहिलं तं दुसरा लिहीन. अन् तुया हंगाम जाईन. तुले नमुना मालूम नाई. मी सांगतो, लिही."

मी लिहायला बसलो, हे मला सांगायलाच हवं. कोणी माझा हात धरला नव्हता. घरात दोन लेकरं शिकत आहेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि बाबूजी सांगतायत म्हणजे ठीकच असेल, ही जुनी सवय.

ते सांगत गेले. विषयांकित प्रकरणी कळविण्यात येते की सदर कर्मचारी हे नेमणुकीपासून लिपिक या पदावर कार्यरत असून. दोन शब्द झाले की थांबायचे, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा, मग पुढचे दोन. त्यांचा कापूस प्रक्रिया विभागाशी प्रत्यक्ष संबंध आलेला नाही. सबब सदर आजार कामाच्या स्वरूपातून उद्भवलेला नसावा, असं मी माझ्या मनानं, पुटपुटत लिहिलं, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"नसावा नोको. नाही लिही. नसावा लिहिलं तं पुन्हा पत्र येते."

मी ते खोडून ‘नाही’ असं लिहिलं. दाराआड त्यांची बायको उभी होती. तिला वाचता येत नाही, पण ऐकू सगळं येत होतं.

पत्र पूर्ण झालं. बाबूजींनी ते हातात घेतलं, लांब धरून पाहिलं, आणि माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. ते जिथं जिथं थांबले होते तिथं मी नकळत स्वल्पविराम दिला होता. ओळीत पाच-पाच, सहा-सहा. त्यांनी एकेक करून सगळे खोडले.

"सरकारी पत्रात इतके नसतात," ते म्हणाले. "पुन्हा उतरून काढ."

मी तिथंच बसून पुन्हा लिहून काढलं. संध्याकाळी मॅनेजरनी ते वाचलं. "छान," ते म्हणाले, "अगदी एका दमात लिहिल्यासारखं झालंय." आणि त्यांनी खाली सही केली.